नागपूरच्या उन्हात धोपा आणि त्याची भावंडं

नागपूरच्या जुन्या घरांत न्हाणीचं पाणी मागच्या अंगणात जिथे उतरायचं, तिथे धोपा हमखास असायचा. पुण्या-मुंबईकडचं अळू ते हेच. गोंदिया-भंडाऱ्याकडे गेलात की बाजारात तीच पानं कोचई म्हणून विकायला ठेवलेली दिसतील. श्रावणातल्या वड्या, ऋषिपंचमीची भाजी, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याचं ताट, यांतलं काहीच या पानांवाचून पुरं होत नाही. आता त्याच कुळातली शोभेची झाडं 'एलिफंट इअर' या नावाने नर्सरीतून घरोघरी येऊ लागली आहेत. कुणाची पानं जांभळट काळी, कुणाची पोपटी, कुणाच्या हिरव्यागर्द पानावर पांढऱ्या शिरा. चार पानांत अंगणाचा कोपरा भरून टाकणारं असं दुसरं झाड शोधून सापडणार नाही.

ही झाडं लोक बहुधा ऑगस्टमध्ये घेतात. तेव्हा हवेत दमट गारवा असतो आणि झाड जोमात असतं. पुढच्या जूनपर्यंत मात्र बऱ्याच घरांत नुसती कुंडी उरते. मग ठपका आपल्या हवेवर येतो, 'नागपुरात हे जगत नाही' म्हणून. तसं असतं तर आपल्या आज्या-पणज्यांच्या परसात धोपा पिढ्यान्‌पिढ्या टिकला नसता. झाड जातं ते दोन कारणांनी. कोणतं झाड आणलंय हे ठाऊक नसल्यामुळे पाणी चुकतं आणि मे महिन्याचा विचार न करता लावल्यामुळे जागा चुकते. या दोन गोष्टी साधल्या की बाकी कामं सोपी आहेत.

आधी झाड ओळखा

'एलिफंट इअर' या एका नावाखाली मुख्यतः चार प्रकारची झाडं विकली जातात: कोलोकेशिया, अलोकेशिया, झँथोसोमा आणि कॅलेडियम. चारही सुरणाच्या कुळातली आणि कंदावर जगणारी आहेत, पण त्यांची पाण्याची गरज एकमेकांहून फार वेगळी आहे.

विकत घेण्याआधी पान हातात धरून नीट पाहा. देठ पानाला नेमका कुठे जोडलाय, हे उलट्या बाजूने बघा. कोलोकेशियाचा, म्हणजे धोप्याचा, देठ पानाच्या खाचेत जोडलेला नसतो. तो खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर येऊन मिळतो. पानाचं टोक जमिनीकडे झुकलेलं असतं. पानावर चमक नसते, मऊसर मेणाचा थर असतो. त्यावर चमचाभर पाणी टाकलं तर त्याचे मोत्यासारखे गोल थेंब होऊन घरंगळतात आणि पान कोरडंच राहतं.

कासाळू म्हणजे मोठ्या जातीचं अलोकेशिया. त्याची पानं जाड आणि तकतकीत असतात आणि टोक आभाळाकडे रोखलेलं असतं. जमिनीत मोकळं वाढू दिलं तर ते माणसाच्या उंचीच्या वर जातं. नर्सरीतली छोटी अलोकेशिया, उदाहरणार्थ पांढऱ्या शिरांचं अमेझोनिका किंवा मखमली काळ्या पानांचं ब्लॅक व्हेल्वेट, यांच्यात देठाची खूण फसवते, कारण यांचाही देठ पानाच्या आत जोडलेला असू शकतो. तिथे पानाचा जाडपणा, कडकपणा आणि ठसठशीत शिरा पाहाव्यात. झँथोसोमाचा देठ बरोबर खाचेच्या काठावर जोडलेला असतो आणि पानाचा आकार बाणाच्या टोकासारखा दिसतो. पोपटी पानांच्या ज्या जाती मिळतात, त्यांतल्या बऱ्याच याच गटातल्या आहेत. कॅलेडियम ओळखायला सगळ्यात सोपं. पातळ, कागदी पानं आणि त्यांवर गुलाबी, लाल किंवा पांढरी नक्षी.

ओळख पटली की पाण्याचा नियम आपोआप ठरतो. धोप्याला चिखल चालतो, किंबहुना आवडतो. झँथोसोमाला कायम ओल हवी, पण साचलेलं पाणी नको. अलोकेशियाला निचरा हवाच हवा, त्याची मुळं पाण्यात राहिली की कंद सडतो. कॅलेडियमला वाढीच्या दिवसांत ओल लागते आणि झोपेच्या दिवसांत पूर्ण कोरडेपणा. धोप्याचा नियम अलोकेशियाला लावल्यामुळे जितकी झाडं मरतात, तितकी उन्हाने मरत नसावीत.

जागा निवडताना मे महिना डोळ्यांसमोर ठेवा

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तसा दिवस रोज उजाडत नाही, पण ४४-४५ अंश आपल्याला नवे नाहीत आणि नवतपाचे दिवस तर ठरलेलेच. ही झाडं मुळात ओल्या जंगलांच्या सावलीतली आणि पाणथळ काठांची. मोठ्या पानांतून पाणी झपाट्याने उडतं. मुळं तितक्या वेगाने पाणी पुरवू शकली नाहीत तर पानाच्या कडा करपतात.

म्हणून सकाळचं ऊन चालेल, दुपारचं नको. घराची पूर्व आणि उत्तर बाजू उत्तम. पश्चिमेची भिंत सगळ्यात वाईट, कारण दिवसभर तापलेली ती भिंत रात्रीसुद्धा उष्णता सोडत राहते. आंबा, कडुनिंब किंवा बदाम यांची चाळणीसारखी सावली मिळत असेल तर त्यापेक्षा चांगली जागा नाही. वाऱ्याचाही विचार करा. मे महिन्यातली लू एका दुपारीत पान फाडून वाळवते. कंपाउंडच्या भिंतीचा किंवा जास्वंद-मेंदीच्या दाट रांगेचा आडोसा असला की निम्मं संरक्षण तिथेच मिळतं.

गच्चीवर ठेवायचं असेल तर मार्च संपण्याआधी पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधून घ्या. कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. खाली दोन विटा द्या, म्हणजे तापलेल्या फरशीची आच मुळांपर्यंत जाणार नाही. काळ्या प्लास्टिकची कुंडी उन्हात भलतीच तापते. ती मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी.

रंगीत पानांबाबत एक बारकावा आहे. ब्लॅक मॅजिकसारख्या काळ्या कोलोकेशियाला गडद रंग येण्यासाठी भरपूर उजेड लागतो. अगदी सावलीत ते हिरवट पडतं. त्याला सकाळचे तीन-चार तास ऊन मिळेल अशी जागा द्या आणि पाण्यात हात आखडू नका.

काळ्या मातीला सोबत हवी

नागपूरच्या बऱ्याच भागांतली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. धोप्याला ती थेट चालते. त्यात कुजलेलं शेणखत भरपूर मिसळलं की पुरे. अलोकेशिया मात्र या मातीत थेट लावू नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे नागपूरकर विसरलेले नाहीत. इतकं टोकाचं झालं नाही तरी जुलै-ऑगस्टमध्ये काळी माती दोन-दोन आठवडे चिकट ओली राहते आणि तेवढ्यात अलोकेशियाचा कंद कुजतो. जमिनीत लावायचंच असेल तर वीतभर उंच गादीवाफा करा आणि त्यात मुरूम किंवा जाड वाळू मिसळा.

कुंडीसाठी दोन वेगळी मिश्रणं करा. धोपा आणि झँथोसोमा यांना बागेची माती, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या. अलोकेशिया आणि कॅलेडियमसाठी माती एकच भाग, कोकोपीट एक भाग, गांडूळखत एक भाग आणि उरलेला एक भाग विटांचे बारीक तुकडे, परलाइट किंवा जाड वाळू. पूर्व विदर्भ धानाचा प्रदेश असल्याने तूसही सहज मिळतं, तेही मिश्रण हलकं ठेवायला उपयोगी पडतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच घ्या, कच्च्यातून हुमणी येते. मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड टाकणं चांगलं.

आपल्या मातीत चुनखडी बरीच असते. अशा मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. संत्र्याच्या बागायतदारांना हे लक्षण चांगलं परिचयाचं आहे. उपायही तोच: एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा. कायमचा सुधार मात्र सेंद्रिय खतानेच होतो.

लावण कधी, कशी

धोप्याची खरी लावण मृग नक्षत्राच्या सुमारास. जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस स्थिरावला की कंद लावा, म्हणजे महालक्ष्म्यांपर्यंत वड्यांची पानं हाताशी येतात. पाण्याची खात्रीची सोय असेल तर फेब्रुवारीच्या शेवटीही लावता येतं. तेव्हा लावलेल्या झाडाला मे येण्याआधी मुळं धरायला दोन-अडीच महिने मिळतात. एप्रिल-मेमध्ये मात्र नवीन लावण करू नये आणि नर्सरीतून आणलेल्या झाडाची कुंडीही बदलू नये.

कंद निवडताना दाबून पाहा. तो घट्ट असावा, मऊ भाग किंवा आंबूस वास नसावा. पाच ते आठ सेंटिमीटर खोल, डोळा वर ठेवून लावा. पानांसाठी धोपा लावायचा तर दोन कंदांत हातभर अंतर पुरतं. शोभेच्या मोठ्या जातींना दोन ते तीन फूट द्या. कोकणात, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पानांसाठी 'कोकण हरितपर्णी' ही जात दिली आहे. ती मिळाली तर परसबागेत जरूर लावावी. नाहीतर शेजारच्या घरात वर्षानुवर्षं टिकलेला, ज्याची भाजी खाजत नाही हे त्या घराला ठाऊक आहे असा धोपा, हे सर्वांत भरवशाचं बियाणं.

पाणी: किती, कोणतं

अलोकेशियाच्या कुंडीत बोट दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी द्या, मग ते खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. धोप्याला इतका हिशेब नको. त्याची माती सुकूच द्यायची नाही, एवढंच लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात धोप्यासाठी एक सोपी व्यवस्था करता येते. जुनं टाकं, फुटका नसलेला टब किंवा अर्धा कापलेला ड्रम घ्या. दोन तृतीयांश माती-खताच्या मिश्रणाने भरा, कंद लावा आणि वर दोन-तीन सेंटिमीटर पाणी कायम ठेवा. पूर्वेकडच्या बाजूला ठेवलेला असा टब मे महिन्यातही तग धरतो. उघड्या पाण्यात डास होतात. दर आठवड्याला पाणी पूर्ण बदलता येत नसेल तर त्याच टबात मातीची पातळी एका बाजूला खाली ठेवा आणि तिथल्या खोल पाण्यात गप्पी मासे सोडा, ते डासांच्या अळ्या खातात. कुंड्यांखालच्या ताटल्याही दर आठवड्याला रिकाम्या करून घासा. डेंग्यूच्या दिवसांत ही हयगय परवडत नाही.

आता कूलरबद्दल. घरोघरी कूलर आहेत आणि त्याचं उरलेलं पाणी झाडांना घालायची सवयही आहे. पाणी वाचवावं हे खरंच, पण कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि त्यातले क्षार टाकीतच उरतात. जाळ्यांवर जमणारा पांढरा थर तेच सांगतो. बोअरचं पाणी असेल तर चार दिवसांनी ते अधिकच खारट होतं. या पाण्याने अलोकेशिया आणि कॅलेडियमची पानं कडेने तपकिरी होऊन वाळतात. ते पाणी अंगणात शिंपडायला वापरा. या झाडांना नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. आर.ओ. यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही हाच नियम लागू. कुंडीच्या काठावर पांढरी खपली दिसली तर महिन्यातून एकदा भरपूर साधं पाणी ओतून क्षार धुऊन काढा.

कूलर दुसऱ्या बाजूने मात्र कामाला येतो. ज्या खोलीत तो चालतो तिथली हवा दमट असते, आणि घरातल्या अलोकेशियाला ती मानवते. झाड झोताच्या थेट समोर न ठेवता खिडकीजवळ एका बाजूला ठेवा.

खतपाणी आणि आच्छादन

या झाडांचं सगळं वैभव पानांत आहे आणि पानांसाठी नत्र लागतं. जून ते ऑक्टोबर या वाढीच्या काळात बारा इंची कुंडीला महिन्यातून एकदा दोन मुठी गांडूळखत पुरेसं आहे. शोभेच्या झाडांना पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात देता येतं. ऐन उन्हाळ्यात आणि थंडीत खत देऊ नका. वाढ थांबलेली असताना दिलेलं खत मुळांना भाजतं.

जमिनीवर आच्छादन करा, हे मी आग्रहाने सांगतो. धानाची तणस, वाळलेला पाला, तूस, जे मिळेल ते तीन-चार बोटं जाड पसरा. माती गार राहते आणि पाणी अर्ध्यावर येतं. फक्त खोडाला चिकटवू नका, दोन बोटं मोकळी जागा ठेवा.

उन्हाळ्यात काय पाहायचं

दुपारी दोन वाजता पानं मलूल झालेली दिसली म्हणून लगेच बादली घेऊन धावू नका. आधी माती पाहा. माती ओली असूनही पानं लोंबली असतील तर झाड उन्हापासून बचाव करतं आहे, सूर्य कलला की ती पुन्हा उभी राहतील. संध्याकाळीही पानं उभी झाली नाहीत तर पाणी कमी पडतंय किंवा कंद कुजतोय. खोडाचा जमिनीलगतचा भाग दाबून पाहा. टणक असेल तर पाणी द्या. पिचपिचीत लागला तर झाड लगेच उपटून काढा, सडलेला भाग पांढरा, घट्ट गर लागेपर्यंत कापा, दोन दिवस सावलीत सुकवा, कापलेल्या जागी बुरशीनाशकाची पूड लावा आणि नव्या, हलक्या मिश्रणात लावा.

कोरड्या हवेत लाल कोळी येतात, आणि अलोकेशिया हे त्यांचं आवडतं झाड. पानावर फिकट ठिपक्यांची रवाळ झाक आणि खाली बारीक जाळी दिसली की ओळखा. सकाळी पाण्याच्या जोरदार धारेने पानाची खालची बाजू धुवा किंवा ओल्या फडक्याने पुसून घ्या. आठवड्यातून दोनदा एवढं केलं तर औषधाची वेळ बहुधा येत नाही. पिठ्या ढेकणासाठी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल फवारा, तेही सूर्य मावळल्यावर. धोप्यावर कोणताही फवारा मारताना त्यात द्रवरूप साबणाचे काही थेंब घालायला विसरू नका. नुसतं औषध अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळून मातीत जातं आणि कीड तशीच राहते.

पावसाळ्यातला करपा

धोप्याचा सर्वांत मोठा शत्रू पावसाळ्यात येतो. हा पानांवरचा करपा फायटोफ्थोरा कोलोकेशी या बुरशीसारख्या जीवामुळे होतो. १९९३ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशात तो पोचला आणि तिथल्या लोकांचं रोजचं अन्न असलेलं अळूचं पीक जवळजवळ नाहीसं झालं. आपल्याकडे सततची झड, पंचवीस-अठ्ठावीस अंशांची दमट हवा आणि दाटीने वाढलेला वाफा, हे तिन्ही एकत्र आले की तो उद्भवतो.

सुरुवात पानाच्या टोकाला किंवा कडेला होते, कारण पाणी तिथे जास्त वेळ थांबतं. आधी छोटा, पाणीदार डाग, मग तो तपकिरी होतो, त्यात एकात एक वलयं दिसतात आणि काठावर मधासारखे पिवळट थेंब येतात. पहाटे पाहिलं तर डागाच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसते. काही दिवसांत सगळं पान खाली लोळतं. पहिला डाग दिसताच ते पान देठासकट कापून जाळा किंवा बंद पिशवीत टाका, कंपोस्टमध्ये टाकू नका. वाफा विरळ करा. पाणी वरून न देता बुडाशी द्या. शोभेच्या झाडांवर ताम्रयुक्त बुरशीनाशक डब्यावरच्या प्रमाणात वापरता येतं. खायच्या धोप्यावर मात्र औषध मारूच नये. पानं कापून टाका, कंद पुन्हा फुटतो. ज्यांना करप्याचा त्रास दरवर्षी होतो त्यांनी सहनशील वाणांची चौकशी करावी. तिरुवनंतपुरमला १९६३ पासून केंद्रीय कंदपीक संशोधन संस्था याच पिकांवर काम करते, आणि 'मुक्ताकेशी' हा करपा सहन करणारा कंदाचा वाण तिच्याच कामातून आला आहे.

पावसाळ्यात पानं कुरतडणाऱ्या अळ्याही येतात. शेपटीवर शिंगासारखा काटा असलेली जाड अळी एका रात्रीत अख्खं पान संपवते. ती पानाखाली बसलेली असते, हाताने वेचून काढणं हाच उत्तम उपाय. गोगलगायी संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचाव्यात.

थंडीत झोपू द्या

डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र दहा अंशांच्या आसपास उतरते. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तर पारा ३.५ अंशांवर आला होता. या दिवसांत कॅलेडियमची पानं एकेक करून वाळतात. झाड मेलं असं समजून कुंडी रिकामी करू नका. पाणी बंद करा, कंद काढून माती झाडा, कोरड्या वाळूत किंवा कोकोपीटमध्ये गुंडाळून घरातल्या हवेशीर कोपऱ्यात ठेवा. मार्चमध्ये पुन्हा लावा. अलोकेशियानेही काही वेळा सगळी पानं टाकली तरी कंद टणक असेल तर तो जिवंत आहे. आठ-दहा दिवसांनी अगदी थोडं पाणी देत राहा. छोट्या कुंड्या रात्री भिंतीलगत किंवा घरात घ्या. धोप्याची वाढ मंदावते, पण जमिनीतला धोपा थंडीतून निभावतो.

पिल्लं काढणं

धोप्याची पिल्लं मुख्य कंदाच्या बाजूने येतात. दोन-तीन पानं आली की विळ्याने मुळांसकट वेगळी करून लावा. अलोकेशियाची कुंडी बदलताना मुळांत हरभऱ्यापासून सुपारीएवढ्या तपकिरी गाठी सापडतात. त्या फेकू नका. वरचं टरफल नखाने सोला, ओल्या मॉसवर किंवा कोकोपीटवर टोकेरी बाजू वर करून ठेवा, पारदर्शक झाकणाच्या डब्यात बंद करून उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत हिरवा कोंब येतो. दोन पानं आल्यावर छोट्या कुंडीत हलवा. हे काम पावसाळ्यात सर्वांत चांगलं साधतं.

खाताना आणि हाताळताना

या कुळातल्या सगळ्या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. खाज त्यांच्यामुळेच सुटते. कापताना हाताला तेल लावा किंवा हातमोजे घाला. भाजीत चिंच किंवा आंबट ताक घालण्याची आपल्या स्वयंपाकघराची पद्धत आणि नीट शिजवणं, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी डॉक्टरांना विचारूनच खावी.

वड्यांसाठी कोवळी पण पूर्ण उघडलेली पानं घ्या आणि प्रत्येक झाडावर किमान तीन-चार पानं ठेवा. खायची पानं फक्त अशा झाडाची घ्या, जे भाजीचा धोपा म्हणूनच लावलं गेलं आहे. शोभेचं अलोकेशिया किंवा कॅलेडियम कधीही खाऊ नये. नर्सरीतून आणलेल्या काळ्या कोलोकेशियावर कोणती औषधं मारली आहेत हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून तेही नको. नाल्याकाठी आपोआप वाढलेला धोपा कितीही टवटवीत दिसला तरी तोडू नका. शहराच्या सांडपाण्यावर वाढलेलं पान ताटात येता कामा नये.

रांगतं मूल किंवा कुत्रं-मांजर घरात असेल तर ही झाडं त्यांच्या तोंडापासून दूर ठेवा. मुलाने पान चावलंच तर तोंडातले तुकडे काढा, गार पाण्याने चूळ भरायला लावा, थोडं दूध किंवा दही द्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर वेळ न दवडता दवाखान्यात न्या.

या मृगात सुरुवात करा

पहिल्यांदाच लावणार असाल तर महागडं अलोकेशिया आधी आणू नका. ओळखीच्या घरातून भाजीच्या धोप्याची चार पिल्लं मागून आणा, पूर्वेकडच्या ओलसर कोपऱ्यात लावा आणि एक वर्ष सांभाळा. पावसाळा, थंडी आणि मे महिना, तिन्ही त्या झाडाबरोबर पाहिलेत की आपल्या अंगणातलं ऊन, माती आणि पाणी तुम्हाला नेमकं कळेल. मग अलोकेशिया आणा, कॅलेडियम आणा, खुशाल संग्रह करा. आणि तुमच्या धोप्याला पिल्लं आली की ती उकिरड्यावर किंवा तलावाकाठी टाकू नका. शेजाऱ्यांना द्या, सोबत पाण्याचा नियमही सांगा.